इरावतीचा पिंड

पुणे
४ ऑगस्ट २०२५

ती. वेणीमाधवमामा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडलाय, म्हणून यंदा तो कागदावरच मानून घ्या.)

फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही, आणि मला मात्र तुमच्या मागून बोलणाऱ्या प्रेमलामामींचं सगळं ऐकू येतं. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. आमची संस्था शाळकरी मुलांसाठी कृष्णविवरांवर मराठीत पुस्तिका काढते आहे आणि ती माझ्या गळ्यात पडली आहे. घोडं अडतंय शब्दांवर. काशीत राहणारा, वेद येणारा, सव्वीस वर्षं संस्कृत शिकवलेला सख्खा मामा असताना मी शब्दकोश का चाळत बसू?

समोर हिंदीतली एक पुस्तिका आहे, तिच्यातलेच शब्द वापरते. दोन पिंड एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि एक होतात. त्यातून झालेला पिंड पुढे आणखी एखाद्या पिंडात मिसळतो. अशा पिंडाकडे नीट पाहिलं तर त्याच्या मागच्या पिढ्यांचा अंदाज येतो, हे मला मुलांना सांगायचं आहे. कधी कधी मात्र तो आपल्या घरातून बाहेर फेकला जातो. मग तो कुणातच मिसळत नाही, नुसता भटकत राहतो. पिंडाने कुणात मिसळायचं हे कशावरून ठरतं, हे चार सोप्या ओळींत कसं लिहावं?

आईला जाऊन सात महिने होत आले. ती असती तर शब्द तिनेच सुचवले असते, आणि चुकीचे सुचवून वर माझ्याशीच भांडली असती. लवकर कळवा.

तुमची देवश्री


वाराणसी
१९ ऑगस्ट २०२५

चि. देवश्रीस,

काशीहून मामा-मामींचे पोटभर आशीर्वाद.

गंगेची बाढ ओसरते आहे. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर अजून चिखल आहे आणि गल्लीत फिसलून मी एकदा बसलो, पण हाडं शाबूत आहेत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा शब्द शोधत वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना उठून दार लावून घेतलं. कृष्णविवराच्या आडून तू काय विचारते आहेस ते कळलं, बेटा. आपल्या घरात सरळ कुणी विचारत नाही, तुझी आईही असंच आडून विचारायची. पण तुला हे कुणी सांगितलं? प्रेमला म्हणते, तिने नाही सांगितलं.

तर ऐक. इरावतीची सपिंडी झालेली नाही.

जानेवारीत तू अस्थी घेऊन आलीस, अकराव्यापर्यंत सगळं आपण केलं. तुझी बैठक होती म्हणून तू गेलीस आणि मी म्हणालो, बाकीचं मी बघतो. बाराव्या दिवशी मी अडलो. सपिंडीत गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करतात आणि ते मागच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. मग तो माणूस पितर होतो. तोवर तो प्रेतच, ना इकडचा ना तिकडचा. लग्न झालेल्या बाईचा पिंड सासूत, आजेसासूत आणि पणजेसासूत मिसळायचा. मला त्या तिघींची नावं ठाऊक नव्हती. मिरजेला, तुझ्या वडिलांच्या घरी, दोन पत्रं टाकली. जवाब नाही.

मी रोज चार लोकांची सपिंडी सांगतो आणि माझी बहीण सात महिने तशीच आहे. तुला तोंड कसं दाखवू म्हणून बोललो नाही. वर्षश्राद्धापर्यंत करता येतं. पौष वद्य पंचमी, ७ जानेवारी. मिरजेहून नावं आणायचं काम तू कर.

मामा


पुणे
१ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

नमस्कार.

अहो, मी खरंच आकाशातलंच विचारत होते! हिंदीत ग्रहताऱ्यांना 'आकाशीय पिंड' म्हणतात. सगळा जन्म काशीत काढून हे तुमच्या ध्यानात येऊ नये? पत्र वाचून आधी मी हसत सुटले. मग पुन्हा वाचलं आणि खुर्चीत बसले.

मामा, तुम्हाला माहीत आहे, माझा यावर विश्वास नाही. पण आईचा होता, आणि तुमचा आहे. तुमच्या हिशेबाने ती सात महिने दाराबाहेर उभी आहे, हे मला सहन होत नाही. असं का वाटतं ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

मिरजेहून नावं मी आणणार नाही. आई त्या घरात चार वर्षं होती आणि त्यातलं एकही तिने मला कधी हसून सांगितलं नाही. पुढची एकतीस वर्षं ती पुण्यात एकटीच्या बळावर राहिली. जिने तिला जेवताना ताटावरून उठवलं, त्या सासूत तिला कालवू नका. माझं एवढंच मागणं आहे.

आता माझ्या पिंडांबद्दल, कारण तुम्ही विचाराल हे मला माहीत आहे. फार जड तारा मरताना स्वतःच्या चिंध्या करून घेतो, मागे काही उरत नाही. म्हणून साधारण साठ ते एकशेतीस सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर थेट ताऱ्यातून व्हायला नको. पण दोन कृष्णविवरं एक होताना उठणारी एक लहर नोव्हेंबर २०२३मध्ये पकडली गेली, ती पुरती सेकंदाचा दहावा भागही टिकली नसेल. त्यात एक होतं सुमारे एकशेतीन सूर्यांचं आणि दुसरं एकशेसदतीसचं, म्हणजे त्या हद्दीच्या अगदी काठावरचं. ही आली कुठून? बहुधा ती आधीच्या कृष्णविवरांची मुलं असावीत.

दुसरी खूण म्हणजे त्यांचं स्वतःभोवती फिरणं. दोघं एकमेकांना फेऱ्या घालत एक झाले की त्या फेऱ्यांचा जोर नव्यात उतरतो. जास्तीत जास्त वेग शंभर धरला, तर एक झालेला सत्तरच्या आसपास फिरतो. ताऱ्यातून थेट आलेले बरेचसे संथ असतात. या फिरण्याला आमच्या परिभाषेत 'परिवलन' म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मुलं झोपतात.

देवश्री


वाराणसी
२४ सप्टेंबर २०२५

चि. देवश्रीस,

अनेक आशीर्वाद.

आमच्या गल्लीत पिंड म्हटलं की आकाशाकडे कुणी बघत नाही, त्यात माझी काय चूक? परवा सर्वपित्री झाली. पंधरा दिवसांत किती लोकांचे पितर जेवू घातले, गिनती नाही.

'परिवलन' सोड. 'गिरकी' लिही. पोरांना गिरकी घेता येते, परिवलन घेता येत नाही.

तुझी गंमत वाचून मी बाजारातून दोन लट्टू आणले. पुण्याची मुलं भोवरे म्हणतात ते. पाटावर दोन्ही फिरवले, ते भिडले आणि एक उडून प्रेमलाच्या सब्जीत पडला. त्यावर घरात जे झालं ते लिहीत नाही. पण मला तीन शंका आल्या. त्या एकशेसदतीसवाल्याची गिरकी किती होती? सत्तर असेल तर तुझं बरोबर. दुसरं, एक झाल्यावर कोण कुठला होता हे मागाहून वेगळं करता येतं का? आमच्यात नाही येत, मिसळला की मिसळला. मग तुम्ही वंशावळ कशी लावता? आणि तिसरं, त्याला घराबाहेर फेकतं कोण? आधी घेतात आणि मग फेकतात, हे मला समजलं नाही.

इरावतीचं मात्र तू म्हणतेस तसं होणार नाही. लग्नात गोत्र बदललं, ते नवरा वाईट निघाला म्हणून परत बदलत नाही. सासू कशी होती हे शास्त्र विचारत नाही. आणि ती एवढी दुःखात होती असं मला तरी वाटत नाही. मला तिने कधी तक्रार केली नाही. दर राखीला तिचं पाकीट यायचं, त्यात सगळं ठीक आहे असंच असायचं. तू मिरजेला फोन कर.

मामा


पुणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

नमस्कार. दिवाळीचा मामींचा अनारशांचा डबा पोचला. अर्धा चुरा झाला होता, तोही संपला.

मिरजेला फोन केला नाही आणि करणारही नाही. तुमच्या शंका मात्र इतक्या नेमक्या आहेत की मी त्या इथल्या चर्चेत माझ्या नावावर खपवल्या.

गिरकी सत्तर नव्हती. एकाची नव्वदच्या घरात आणि दुसऱ्याची ऐंशीच्या. म्हणजे सरळ हिशेबापेक्षा जास्त, आणि त्यावरूनच लोक भांडताहेत. कुणी म्हणतं त्यांच्या मागे दोन नाही, तीन पिढ्या आहेत. कुणी म्हणतं, जन्माची काही वेगळीच तऱ्हा आहे. आम्हाला अजून ठाऊक नाही, हे मी पुस्तिकेत स्पष्ट लिहिणार आहे. गेल्याच आठवड्यात आणखी दोन जोड्या जाहीर झाल्या. त्यातल्या एकीत मोठ्याची गिरकी जोडीच्या फेऱ्यांच्या उलट दिशेला आहे. एका घरात जन्मलेल्या जोडीत सहसा असं होत नाही, ते दोघं वाटेत कुठेतरी भेटलेले असावेत.

वेगळं करता येत नाही, तुमच्यासारखंच. उरतं फक्त वजन आणि गिरकी. म्हणून एकाकडे बघून वंशावळ लागत नाही. आता तीनशेच्या आसपास लहरी जमल्या आहेत, त्या सगळ्या मांडल्या की कुठल्या वजनाला कुठली गिरकी सापडते ते दिसायला लागतं.

आणि फेकतं कोण? कुणीच नाही. एक होताना लहरी बाहेर पडतात, पण सगळीकडे सारख्या पडत नाहीत. एका बाजूला जास्त गेल्या की नवा पिंड उलट बाजूला ढकलला जातो, कधी सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने. तो ताऱ्यांच्या एखाद्या गुच्छात असतो. गुच्छ हलका असेल तर त्याला पिंड धरून ठेवता येत नाही, पिंड कायमचा बाहेर जातो. गुच्छ जड असेल तरच तो आत राहतो आणि पुन्हा कुणात मिसळू शकतो. म्हणून ज्याच्या मागे पिढ्या दिसतात त्याचं घर जड असणार, एवढं आम्ही सांगतो.

आईचं म्हणाल, तर तिने तुमच्याबद्दलही कधी तक्रार केली नाही. मी तीन वर्षांची असताना आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे आलो होतो. तुमच्या दारात ठेवलेल्या दोन मोठ्या ट्रंका मला अजून आठवतात, मी त्यांच्यावर बसायचे. आठ दिवसांच्या सुट्टीला आईने एवढं सामान कशाला आणलं होतं, कोण जाणे. 'दादाकडे मजा आली होती' एवढंच ती म्हणायची.

देवश्री


वाराणसी
२७ नोव्हेंबर २०२५

चि. देवश्री,

मामी लिहिते आहे. मामांची तबियत तशी ठीक आहे, घाबरू नको. पण तुझं पत्र आल्यापासून घरात त्यांचं लक्ष नाही. लट्टू खिडकीत ठेवून दिलेत. घाटावरून आले की पोथ्या काढून बसतात आणि थाळी तशीच राहते. तू काय लिहिलंस ते मला दाखवत नाहीत. नाराज होऊ नको, जवाब देतील.

प्रेमलामामी


वाराणसी
१४ डिसेंबर २०२५

चि. देवश्रीस,

आशीर्वाद.

१९९४च्या मे महिन्यात तुम्ही सुट्टीसाठी आला नव्हता. इरावती मिरज सोडून आली होती. पहिल्याच दिवशी तिने स्वयंपाकघरात प्रेमलाला सांगितलं, "वहिनी, मी परत जाणार नाही." मला काहीच म्हणाली नाही. मी म्हणेन आणि मग ती ऐकेल, अशी तिची सवय होती.

सुनीतीचं, आमच्या धाकट्या बहिणीचं, लग्न तेव्हा ठरत होतं. ग्वाल्हेरची माणसं बघायला यायची होती. घरात नवऱ्याला सोडून आलेली बहीण दिसली तर काय म्हणतील, ही मला भीती. आठ दिवस मी काही बोललो नाही. नवव्या दिवशी स्टेशनवर जाऊन मिरजेची तिकिटं काढून आणली आणि तिच्या हातात दिली. तिने घेतली. पाया पडली. ट्रंका तिनेच बांधल्या. ती मिरजेला गेलीच नाही, पुण्यात उतरली, हे मला चार महिन्यांनी कळलं. ते कळल्यावरही मी 'परत ये' असं लिहिलं नाही. तोवर सुनीतीचं लग्न झालेलं होतं, कारणही उरलं नव्हतं.

कुणी फेकत नाही असं तू लिहिलंस. तुझ्या आकाशातलं मला माहीत नाही, पण आमच्याकडे मी फेकलं. आमचं घर हलकं होतं, देवश्री. दारावर वेदपाठींची सात पिढ्यांची पाटी होती आणि एक बहीण धरून ठेवण्याइतकं वजन आत नव्हतं. बाराव्या दिवशी मी नावांसाठी अडलो असं तुला लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. मिरजेची नावं नसली तर काय करावं हे मला ठाऊक आहे, लोकांना मीच सांगतो. पण तिला पुन्हा मिरजेला धाडायला हात उचलला गेला नाही. आणि आमच्यात घ्यायला तोंड नव्हतं.

महिनाभर पोथ्या पाहिल्या. काही प्रकारच्या विवाहांत मुलीचा पिंड माहेरच्या पितरांत मिसळावा, असं एक मत सापडतं. इरावतीचं लग्न त्यात बसत नाही, ते आम्ही वाजतगाजत करून दिलं होतं. ओढूनताणून आधार आणणार नाही. आधार मिळाला तर मी सुटेन, आणि मला सुटायचं नाही. मी तिला आईत, आजीत आणि पणजीत मिसळायला तयार आहे. लोक बोलतील ते माझ्या माथी. हात तू लाव, मंत्र मी म्हणेन.

पण आधी तुला विचारतो. तिला आमच्यात यायचं असेल का? तेव्हा मी विचारलं नव्हतं. तू सांगशील तसं.

मामा


पुणे
२३ डिसेंबर २०२५

मामा,

मला तुमचा राग आला आहे. कमी झाला की लिहू म्हणून थांबले होते, कमी झाला नाही. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, मामा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पुण्यात उतरून पहिले दिवस आम्ही कुठे काढले, हे तिने मला सांगितलंच नाही, आणि आता विचारायला कुणी नाही. आपल्यामागे काशीत आपलं एक घर आहे, असं मी जन्मभर मानत आले. आईने मला ते मानू दिलं.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून येते आहे. ६ जानेवारीला दुपारी पोचेन, न्यायला येऊ नका.

पण तिला यायचं आहे का, हे मला विचारू नका. तिच्या वतीने मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आजवर तिच्या वतीने पुष्कळांनी ठरवलं. विचारायचं तर तिला विचारा, मला लिहिता तसंच, कागदावर. ते पत्र वाचल्याशिवाय मी पिंडाला हात लावणार नाही.

देवश्री


वाराणसी
७ जानेवारी २०२६, सकाळ

चि. इरावतीस,

दादाचे आशीर्वाद. हवे असतील तरच घे.

देवश्री काल आली. तुझ्यासारखीच पटपट चालते, गल्लीत मला मागे टाकून गेली. माझ्याशी मोजकं बोलते आहे, पण प्रेमलाबरोबर बसून तिने मटार सोलले. ती आकाशातल्या फार मोठ्या गोष्टींचं काम करते. मला थोडं समजतं, बरंचसं समजत नाही. तुला ती समजावून सांगत असेल आणि तू मधेच भांडत असशील, असं मला वाटतं.

तुझा पिंड तयार आहे. बाजूला आई, आजी आणि पणजी. पणजीचं नाव कुणाला आठवत नव्हतं, ते सुनीतीने ग्वाल्हेरहून शोधून कळवलं. थोड्या वेळाने देवश्री तुझे तीन भाग करून या तिघींत मिसळेल. एकदा मिसळल्यावर कुणाला वेगळं करता येणार नाही, मलाही नाही. तुला काढून द्यायची ताकद या घरात कुणाकडे उरणार नाही, हे मी बोलावतो त्याचं एक कारण आहे.

एकतीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं ते आज लिहितो. इरावती, मी चुकलो. घरी ये. राहायला ये.

तुला हे नको असेल तर मला कसं कळेल, ते मला ठाऊक नाही. मला तू कधी 'नाही' म्हणाली नाहीस आणि मी ते जन्मभर 'हो' समजत आलो. आज पहिल्यांदाच तुझ्या गप्प राहण्याची मला भीती वाटते आहे. देवश्रीने हे पत्र इथपर्यंत वाचलं आणि हात धुवायला गेली. मी थांबलो आहे.

तुझा
दादा